डावा कौल

सेतूबल, पोर्तुगाल
१३ ऑक्टोबर २०२४

दादा,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलं आहेस हे आईने सांगितलं नाही, माझं मीच ओळखलं. परवा तुझा फोटो नाहीसा झाला आणि जागी एक राखाडी गोळा आला. पत्र मात्र ब्लॉक करता येत नाही. गुरुप्रसाद पोस्टमन ते तुझ्या हातात देणार, आणि त्याच्यासमोर तू ते फाडणार नाहीस, कारण मग दुपारच्या आत साऱ्या वाडीला कळेल. म्हणून पत्र.

मी सुखरूप आहे. डोना लुर्देश नावाच्या बाईंकडे एक खोली घेतली आहे. बाई सत्तरीच्या पुढच्या. नवरा मासेमारीच्या बोटीवर होता, तो गेला. मुलगी दुसऱ्या गावात. घर चढावर आहे आणि खिडकीतून समुद्र दिसतो, पण तो उलट्या बाजूला आहे असं मला सारखं वाटतं. हे गाव मासे डबाबंद करण्यासाठी नावाजलेलं. ज्या तारल्या आपण माडाच्या मुळात खत म्हणून घालतो, त्या इथे निखाऱ्यावर भाजून, वर मीठ भुरभुरून, लोक हॉटेलात खुर्च्या मांडून खातात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला एकटीलाच हसू फुटलं, आणि सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

कॉलेजच्या वर्गात शिकवतात इंग्रजीत, पण वर्गाचं दार ओलांडलं की सगळं पोर्तुगीज. तीन महिने मोबाइलवर शिकून आलेली माझी भाषा फार उपयोगी नाही. 'हत्ती दूध पितो' हे मला बिनचूक येतं, पण हत्ती अजून कुठे भेटला नाही. दुसऱ्याच दिवशी न्हाणीघरातला नळ माझ्या हातात आला. पाणी बदाबद. सगळं पोर्तुगीज विसरले आणि घाबरून आपल्या भाषेत ओरडले, "बालदी! बालदी!" तर डोना लुर्देश खरोखरच बालदी घेऊन धावत आल्या! त्यांच्याकडेही जवळजवळ तेच म्हणतात. साबण, चावी, पगार, हे सगळं यांनीच आपल्याकडे आणून टाकलेलं. तेव्हापासून त्यांना वाटतं की मला पोर्तुगीज चांगलं येतं, आणि त्या माझ्याशी भराभर बोलतात. मी मान डोलावते.

तू रागावलास ते मला समजतं. मिरजोळ्याचं युनिट तू माझ्या भरवशावर घेतलंस. आंब्याचा रस तू काढायचा, तपासायचा मी, असं ठरलं होतं, आणि एकच मोसम झाला आणि मी निघाले. पण वर्षाचा तर प्रश्न आहे, दादा. आणि मी काय मनाने निघाले? तूच देवीला विचारायला पाठवलंस. कौल उजवा पडला, म्हणून आले.

आईला गुडघ्याला तेल लावायला सांग. स्वतः लावत नाही ती.

समी


सेतूबल
२४ नोव्हेंबर २०२४

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते, पण पत्रपेटी रोज उघडून बघते हे खरं.

तुला एक गंमत सांगते. इथे घरातून निघताना 'जाते' म्हणायला 'वो' म्हणतात. आता हा शब्द काही माझ्या तोंडातून निघेना. आपल्याकडे चुकून 'जाते' म्हटलं तर आई परत पाटावर बसवायची, पाणी द्यायची आणि 'येते म्हण' सांगून मगच सोडायची. तर मी रोज सकाळी चपला घालताना म्हणायची 'व्हेन्यू', म्हणजे येते. डोना लुर्देश मान हलवायच्या. मला वाटलं, किती चांगलं जमतं आहे आपलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि मुलीला फोन लावला. ती मुलगी इंग्रजीत म्हणाली, "आई विचारते, तुम्ही रोज 'आत्ता येते' म्हणून बाहेर पडता आणि अंधार पडल्यावर येता. तिला राग नाही. पण ती सूप गॅसवर ठेवून जेवायची थांबते आणि ते आटून जातं." आठ दिवस, दादा! सत्तरीची बाई आठ दिवस दुपारी दोन-दोन वाजेपर्यंत उपाशी थांबली, मी येते म्हटलं म्हणून. मला इतकी लाज वाटली की मुलीला धड सांगताही येईना. शेवटी सांगितलं, की आमच्याकडे माणूस जातो म्हणत नाही, गेला तरी नाही. मुलीने ते आईला समजावलं. बाई हसल्या. आता पाव आणायला कोपऱ्यावर जाताना त्याही 'व्हेन्यू' म्हणतात.

मीही सुधारले आहे. आता 'व्हेन्यू' म्हणून पुढे किती वाजता तेही सांगते. सहा म्हणजे सहा. एकदा साडेसहा झाले तर बाई दारात उभ्या.

स्टेशनवर मी तुलाही 'येते' म्हटलं होतं. तू बॅग वर चढवलीस, सीटखाली सरकवलीस, आणि मग मला फक्त एवढंच विचारलंस, "कौल उजवाच पडला ना गो?" मी हो म्हटलं. गाडी सुटली. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस.

आई सांगते, तू रोज आठ वाजताच युनिटवर जातोस. मोसम नसताना तिथे काय करतोस?

समी


सेतूबल
२ फेब्रुवारी २०२५

दादा,

आईला विचारलं, दादा माझी पत्रं वाचतो का. म्हणाली, "मला काय ठाव? कपाटावर ठेवलीत." पाकिटं फोडलेली आहेत का विचारलं, तर म्हणाली, "कात्रीनं कापलीत, सरळ." मग मला बरं वाटलं. न वाचणारा माणूस कात्री शोधत नाही.

आज जे लिहिते आहे ते गमतीचं नाही.

वर्गात तेरेझा म्हणून एक मुलगी आहे, माझ्याबरोबर प्रयोग करते. माझं पोर्तुगीज सुधारावं म्हणून रोज मला एक वाक्य देते आणि दुसऱ्या दिवशी धरून विचारते. तिने मासे डबाबंद करणाऱ्या एका जुन्या कारखान्याची परवानगी मिळवली होती. शनिवारी जायचं, डबे उकळताना नमुने घ्यायचे, तिच्या प्रकल्पासाठी. दोन माणसं हवीत, एक यंत्राशी आणि एक नमुन्यांशी. एकट्याला आत घेत नाहीत. तिने मला विचारलं. मला जायचं नव्हतं. तिथल्या बायका भराभर बोलतात, दिवसभर मला कोणी काही विचारलं की मी नुसती हसत उभी राहणार. मी म्हटलं, "हो हो, बघूया."

आता तूच सांग, 'बघूया' म्हटल्यावर आपल्याकडे कोण थांबलं असतं? हळदीकुंकवाला बोलावलं, बघूया. गणपतीत दोन दिवस जास्त राहा, बघूया. ऐकणाऱ्याला कळतं, आणि कोणाचं तोंड कडू होत नाही. शुक्रवारी तिने मोबाइलवर लिहिलं, 'सकाळी सात, चौकात.' मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. म्हणजे माफ कर, मला जमत नाही. इतकं साधं.

ती साडेआठपर्यंत गाडीत बसून होती. मी फोन उशाखाली ठेवला होता. कारखान्याने तिला एकटीला परत पाठवलं आणि पुढची तारीख दिली नाही. आता तिला प्रकल्पाचा विषयच बदलावा लागणार.

सोमवारी ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. नाही भांडली. म्हणाली, "तू नाही म्हणाली असतीस तर मी दुसऱ्या कुणाला नेलं असतं. मला 'नाही'चा राग आला नसता." आणि हातमोजे घालून कामाला लागली. वाक्य रोजच्यासारखं सोपं, माझ्यासाठी मुद्दाम हळू बोललेलं. या वेळी मला पोर्तुगीज पहिल्या झटक्यात कळलं.

त्या दिवसापासून मला झोप लागते, जेवणही जातं, सगळं ठीक आहे. पण मनातून तू हलत नाहीस. मला तुला काहीतरी सांगायचं आहे आणि आज होत नाही. हे पत्र असंच पाठवते, म्हणजे पुढचं लिहावंच लागेल.

समी


सेतूबल
६ फेब्रुवारी २०२५

दादा,

कौल डावा पडला होता.

बघ, चारच शब्द. नऊ महिने लागले.

त्या दिवशी फळांच्या दोन गाड्या एकदम आल्या आणि तू म्हणालास, "मला काय निघवत नाय, तूच जा. देवी सांगेल तसा करू." मी नारळ घेऊन देवळात गेले. रामाकाका गुरवांनी पाकळ्या पाण्यात बुडवून देवीला लावल्या, गाऱ्हाणं घातलं. तुझं नाव घेतलं, माझं घेतलं, सातासमुद्रापार शिकायला जाऊ की नको असं विचारलं. मी हात जोडून उजव्या पाकळीकडे बघत होते, डोळे दुखेपर्यंत. ती हललीसुद्धा नाही. डावी गळली, टप्पकन.

रामाकाका म्हणाले, "बाय, डावा दिलान गो. नको म्हणून नाय, थांब म्हणून असेल. आठ दिसांनी परत लावू." आठ दिवस कुठून आणू? कॉलेजला हो-नाही कळवायचा दुसरा दिवस शेवटचा होता. मी म्हटलं, "काका, दादाला मीच सांगते." आणि तडक निघाले.

तू रसाच्या टाकीपाशी होतास, कोपरापर्यंत हात पिवळे. वर न बघता विचारलंस, "काय?" मी म्हटलं, "उजवा."

तुला वाटेल, हिने देवीला फसवलं. दादा, खरं सांगू? देवीची मला तेवढी भीती वाटली नाही. तिला माहीतच होतं. फसवलं ते तुला. तू देवीवर विश्वास ठेवला नव्हतास, माझ्यावर ठेवला होतास. आणि मला हेही माहीत होतं की मी 'डावा' म्हटलं असतं तर तू मला 'नको जाऊ' म्हणाला नसतास, नुसता 'बरं' म्हणाला असतास, आणि त्या 'बरं'मधून मी कधीच बाहेर पडले नसते. म्हणून तुला बोलायची वेळच येऊ दिली नाही.

ऑक्टोबरच्या पत्रात मी पुन्हा तेच लिहिलं.  अगदी सहज लिहिलं. याचंच मला आता वाईट वाटतं.

मी तेरेझाची माफी मागितली. तिने ती घेतली, पण कारखान्याची तारीख काही परत आली नाही. तुझी मागते आहे. तू घ्यायलाच हवीस असं नाही.

समी


मिरजोळे, रत्नागिरी
३ मार्च २०२५

समी,

पत्र लिहायची सवय नाही. कागद युनिटचा आहे, वरचं छापील वाचू नको.

चारही पत्रं मिळाली. कौल डावा पडला हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तू प्रसादाची वाटी देवळातच टाकून आलीस. ती द्यायला रामाकाका घरी आले. तू परसात होतीस. म्हणाले, "सुजय, डावा दिलान रे. बाय लय खट्टू होऊन गेली, तिला काय बोलू नको हां." मी बोललो नाही. आईलाही सांगितलं नाही. मला वाटलं, आज नाही तर उद्या ही सांगेल. व्हिसाचे कागद आले तेव्हा तुला विचारलं. बॅग भरताना विचारलं. स्टेशनवर विचारलं. प्रत्येक वेळी तू माझ्या तोंडाकडे बघून उजवा म्हणालीस. म्हणून फोन घेणं सोडलं. मग ऑक्टोबरात पत्र आलं तर त्यातही उजवा. तेव्हा वाटलं, आता हिच्याशी बोलायचं तरी काय? जे बोलेल ते खरं धरू की खोटं?

तू गेलीस म्हणून मी रागावलो नव्हतो. रागावलो असतो तर बॅग उचलली नसती.

पण तुझं पत्र वाचून एक माझंही सांगतो. दोन गाड्या आल्या होत्या हे खरं. पण तासाभरात त्या रिकाम्या झाल्या असत्या, मला देवळात येता आलं असतं. मुद्दाम आलो नाही. 'जा' म्हणायला मन होत नव्हतं आणि 'नको' म्हणायचं तोंड नव्हतं. बाबा असते तर 'जा' म्हणाले असते. म्हणून मी सगळं देवीवर टाकलं आणि वर तुला एकटीला पाठवलं. त्यामुळे सगळा दोष तुझ्यावर टाकणार नाही.

आता कामाचं. मोसम तोंडावर आला आहे, या खेपेला मोहर बरा आहे. मागच्या वर्षी तू होतीस. या वर्षी लॅबला शिकलेलं माणूस हवं. अंजनवेलची शमिका म्हणून मुलगी आहे, तू शिकलीस तेच शिकलेली. दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा मी सांगितलं की हा मोसम सांभाळ, पण जागा माझ्या बहिणीची आहे, ती सप्टेंबरात येते. ती म्हणते, चार महिन्यांसाठी येणार नाही, कायमची असेल तर येईन. खरं आहे तिचं. मार्चअखेर तिला कळवायचं आहे.

तिला काय सांगू? कौल लावणार नाही. तुलाच विचारतो.

आई बरी आहे. तेल लावत नाही.

सुजय


सेतूबल
२३ मार्च २०२५

दादा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. चार वेळा वाचलं. वरचं छापीलही वाचलं.

तुला त्याच संध्याकाळी माहीत होतं, आणि तरी तू चार महिने माझ्यासाठी कागदपत्रांच्या झेरॉक्स काढत फिरलास, लोकरीचा स्वेटर शोधत फिरलास. मी इथे बसून स्वतःला फार हुशार समजत होते. डोना लुर्देशना मी रडताना दिसले. त्यांनी माझी खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि वाटाणे सोलायला दिले.

शमिकाला जागा दे. कायमची.

मी सप्टेंबरात येणार नाही. कोर्स एक वर्षाचा नाही, दोन वर्षांचा आहे. हे मला निघताना माहीत होतं. एक म्हटलं की तुला सोपं जाईल असं वाटलं. आणि पुढचंही आजच सांगून टाकते. दोन वर्षं झाल्यावर इथेच संशोधनाला थांबशील का, असं कॉलेजातल्या सरांनी मला विचारलं आहे आणि मी हो म्हटलं आहे. सुट्टीला येईन, आईकडे येईन, तुझं लग्न ठरलं तर महिनाभर आधी येऊन कामाला लागेन. पण लॅब सांभाळायला मी येणार नाही. मला ते काम नको आहे, दादा. मोसमात सकाळी आठपासून आंब्याचा वास यायचा आणि मला वाटायचं, सगळा जन्म याच वासात जाणार. तुला कधी सांगितलं नाही, कारण लॅबमधलं ते टेबल तू माझ्यासाठी किती हौसेने करून घेतलं होतंस ते मी बघितलं होतं.

तुझ्यावाचून मला करमत नाही. आणि तरी मला परत यायचं नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींची सांगड कशी घालायची ते मला येत नाही. हे वाचून तू पुन्हा गप्प बसलास तर बस. पण या वेळी खरं ऐकून बसशील.

शमिकाला एवढं सांग. रसाची गोडी मोजायचं यंत्र सकाळी पहिल्यांदा स्वच्छ पाण्याने शून्यावर आणायचं, त्याशिवाय आकडा धरायचा नाही. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट त्याच्यावर येतं आणि ते चुकतं, तेव्हा पडदा लावून घ्यायचा. नोंदवही डाव्या खणात आहे, मागच्या मोसमाची शेवटची आठ पानं माझ्या घाईच्या अक्षरात आहेत. तिला लागली नाहीत तर मला फोन करू दे, मी वाचून दाखवीन.

आणि टेबलाच्या काचेखाली बाबांचा आणि माझा फोटो आहे. ती मुलगी यायच्या आधी तो काढ आणि घरी ने. तिला तिथे तिच्या माणसांचा लावू दे.

समी